अपघाती चौराह्यासाठी निधी मागण्याआधी

मागच्या वर्षी इंदूरमधल्या आमच्या कॉलनीसमोरच्या चौराह्यासाठी निधी मागितला आणि तो हातचा गेला. चूक माझी होती. दुसऱ्या कुणाची तशी होऊ नये म्हणून लिहितो.

अर्ज, सह्या, फोटो हे सांगायला नको. सगळ्यांत आधी रस्ता कोणाच्या ताब्यात आहे ते लेखी घ्या. बायपास राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे. शहराच्या आत एखादा रस्ता नगर निगमचा, एखादा लोक निर्माण विभागाचा, एखादा विकास प्राधिकरणाने बांधून अजून निगमच्या हवाली न केलेला. डांबर सगळीकडे सारखंच दिसतं. आम्ही तीन महिने ज्या दारात खेटे घातले, रस्ता त्यांचा नव्हताच. फायलीवर निळ्या शाईत एक ओळ आली, 'उक्त मार्ग इस कार्यालय के अधीन नहीं है', तोवर 31 मार्च उलटून गेला होता. त्या तीन महिन्यांत चौराह्यावरच्या दुभाजकाच्या फटीत सायकलवरच्या एका मुलाचा पाय मोडला. तोंडी उत्तरावर विसंबू नका. रस्ता कोणाचा, हे सही-शिक्क्यानिशी हवं.

मग आकडे. महामार्गावर सुमारे 500 मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर इजेचे 5 अपघात, किंवा 10 मृत्यू झाले असतील, तर केंद्राच्या निकषाप्रमाणे तो ब्लॅक स्पॉट, म्हणजे वारंवार अपघातांची जागा, ठरतो. पोलीस ठाण्यातून तीन वर्षांच्या एफआयआरची माहिती मागवा. दिली नाही तर माहितीचा अधिकार, 10 रुपये फी, 30 दिवस. हे 30 दिवस आधीच हिशेबात धरा. आणि एफआयआरमधली जागा स्वतः तपासा. आमच्याकडे 'पेट्रोल पंप के सामने' असं लिहिलेलं होतं, आणि पंप दोन आहेत! टेप घेऊन उभं राहा, शाळा सुटण्याच्या वेळी आणि दिवेलागणीला. फट किती रुंद, दिवा कुठला बंद, मुलं कुठून धावतात, ते टिपा.

उपाय लिहिताना नुसतं 'स्पीड ब्रेकर द्या' म्हणू नका. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा, 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच, असं लिहा. नाहीतर कुणीतरी उंच टेंगूळ घालून जाईल आणि स्कूटरवाले त्यावरच पडतील. एस्टिमेट रस्त्याच्या मालकाच्याच इंजिनिअरकडून घ्या. पुन्हा सांगतो, मालकाच्या!

कलेक्टरांच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीच्या बैठकीत विषय यायला हवा, तोही लेखी आणि वेळेआधी. खासदार निधी वर्षाला 5 कोटी असतो, पण मागणारे पुष्कळ. शिफारस मागायला जाताना मालकीचा कागद सोबत ठेवा.

पुढे तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मंजुरी, निविदा. तारखा आणि फाइल नंबर वहीत. जानेवारीच्या पुढे काही जाऊ देऊ नका. काम झालं की रात्री जाऊन पांढरे पट्टे चमकतात का ते बघा. आणि पहिलं पत्र टाकण्याआधी, रस्ता कोणाचा?