ज्वालामुखी बेटाचे थर वाचायला शिकायचंय? मग घाटापासून सुरुवात करा

बीएस्सीला जिओलॉजी घेतलेली मुलं नेहमी विचारतात की ज्वालामुखी बेटांवर काम करायचंय, हवाई, रियुनियन, नाहीतर आपलं अंदमानातलं बॅरन आयलंड, मग पुण्यात राहून काय शिकणार. माझं म्हणणं अगदी उलट आहे. आपले घाटही लाव्हाच्याच थरांचे, म्हणजे डेक्कन ट्रॅपचे आहेत. थर ओळखायचा, त्याची सीमा ठरवायची आणि मग त्याला नाव द्यायचं, हे शिकायला आपल्या घाटांसारखी जागा नाही. फक्त क्रम तोच ठेवायचा. नाव सगळ्यात शेवटी.

पहिल्यांदा फील्डला जाताना फार पाठांतर करून जाऊ नका. कात्रज म्हणा, दिवेघाट म्हणा, रस्त्याच्या एखाद्या चांगल्या कटपाशी उभं राहा आणि एका फ्लोचा, म्हणजे एका वेळी वाहून थिजलेल्या लाव्हाच्या थराचा, तळ शोधा. पाहोएहो प्रकारचा, म्हणजे गुळगुळीत माथ्याचा लाव्हा असेल तर तळाशी बऱ्याचदा पेन्सिलीएवढ्या जाडीच्या उभ्या नळ्या दिसतात, आत झिओलाइट नावाचं पांढरं खनिज भरलेलं, याच पाइप अमिग्ड्यूल्स. वर सरकलात की भरीव, घट्ट बसाल्ट लागतो, हातोडा मारला की खणखणतो, आणि अजून वर गेलं की गोल गोल पोकळ्या वाढायला लागतात, मग माथ्याचं लालसर कवच, आणि त्याच्यावर पुढच्या फ्लोच्या नळ्या. हा एक फ्लो. हे एकदा डोळ्यात बसलं की थर उलटा आहे का सुलटा, कुठे सुरू होतो, कुठे संपतो हे कुणाला विचारावं लागत नाही.

लाल थराचं मात्र नीट समजून घ्या, कारण तिथे सगळेच घाई करतात. लाल पट्टा, म्हणजे रेड बोल, दिसला की उद्रेकांत मोठा खंड पडला असं लिहून मोकळे होतात. पण तो जुनी माती असू शकतो, हवामानाने बदललेली राख असू शकते, नाहीतर वरच्या गरम लाव्हाने भाजलेला खालच्या फ्लोचा फुटका माथाही असू शकतो. वहीत आधी फक्त रंग, जाडी, कण, वरचा-खालचा संपर्क लिहा, अर्थ नंतर लावा.

आता नावाचं. दगडाचं नाव आणि थराचं नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सॅम्पलचं केमिकल ॲनालिसिस करून अल्कली आणि सिलिकाच्या आलेखावर टाकलं की बसाल्ट, हवाईआइट, ट्रॅकाइट असं दगडाचं नाव मिळतं. थराचं नाव मात्र जागेवरून येतं, आणि त्याला नकाशावर दाखवता येईल असा विस्तार लागतो, कुठला सेक्शन, म्हणजे थरांचा उघडा छेद, नमुना म्हणून धरायचा ते सांगावं लागतं, वरची-खालची सीमा लिहावी लागते. ग्रुप, फॉर्मेशन, मेंबर अशी मोठ्याकडून लहानाकडे उतरंड असते आणि लाव्हाच्या बाबतीत सगळ्यात लहान औपचारिक एकक म्हणजे फ्लो. वय हा फॉर्मेशनच्या व्याख्येचा भागच नाही, हे मुलांना पटायला वेळ लागतो.

हवाईचं उदाहरण यासाठी फार चांगलं आहे. स्टर्न्स आणि मॅकडोनाल्ड या भूवैज्ञानिकांनी १९४६ मध्ये हवाई बेटाचे थर लावले तेव्हा नावात 'व्होल्कॅनिक सिरीज' असायचं. पण स्ट्रॅटिग्राफीच्या, म्हणजे थरांच्या शास्त्राच्या, नियमात सिरीज हे कालदर्शक एकक, म्हणून १९८७ मध्ये लँगनहाइम आणि क्लेग यांनी नावं सुधारली. किलाउएआ ज्वालामुखीला खाली हिलिना बसाल्ट, वर पुना बसाल्ट आणि मधे पाहाला राख. मौना केआ ज्वालामुखीला खाली हामाकुआ व्होल्कॅनिक्स, वर लाउपाहोएहोए व्होल्कॅनिक्स. एकाच जातीचा दगड असेल तर बसाल्ट, सरमिसळ असेल तर व्होल्कॅनिक्स, इतकं साधं तत्त्व आहे आणि वाचणाऱ्याला नावातूनच अंदाज येतो.

बेटावर खरी अडचण वेगळीच असते. आपल्याकडे थर बरेचसे आडवे, लांबवर तसेच जातात. बेटावर लाव्हा उतारावरून चहूकडे पळतो, दऱ्यांत भरतो, समुद्रात पडला की पिलो लाव्हा, म्हणजे उशीसारखे गोळे, आणि काचेचा चुरा होतो, शिवाय मधेच डोंगराचा कडा कोसळलेला असतो. त्यामुळे उंचीवरून वय ठरवता येत नाही. बॅरन आयलंडला जुन्या काल्डेराच्या, म्हणजे खचून झालेल्या मोठ्या खळग्याच्या, भिंतीत प्रागैतिहासिक लाव्हाचे थर उंचावर आहेत आणि १९९१ पासूनचा नवा लाव्हा आतल्या शंकूवरून वाहत त्यांच्या खालच्या पातळीवर समुद्रापर्यंत गेलाय. म्हणूनच इटलीच्या एओलियन बेटांवर थर साचण्यात मोठा खंड पडल्याचं दाखवणाऱ्या पृष्ठभागांना सीमा धरून थरांचे गट पाडलेत, मला ती पद्धत बेटांसाठी जास्त प्रामाणिक वाटते.

राखेचा थर हा तर खजिनाच, कारण तो एका झटक्यात पडतो आणि दूरवर पोचतो. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरीला असा राखेचा थर आहे. त्याच्या वयावर भरपूर वाद झाला, काही मोजण्यांत ते कित्येक लाख वर्षं आलं, पण राखेतल्या काचेचं रसायन सुमात्रातल्या टोबाच्या सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाशी जुळतं असं नंतर दाखवलं गेलं. एका बेटावरच्या उद्रेकाचा थर आपल्या जिल्ह्यात! तिथे जाऊन हँडलेन्सने ती राख एकदा बघाच.

आणि पुण्याच्या आसपास डेक्कनला दोन प्रकारची नावं आहेत हे आधीच माहीत असू द्या, नाहीतर वाचताना डोकं गरगरतं. जीएसआयची, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची नावं, उदा. दिवेघाट फॉर्मेशन, पुरंदरगड फॉर्मेशन, ही फील्डमध्ये दिसणाऱ्या गुणांवर आहेत. बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर ही फॉर्मेशन्स रसायनावरून, १९८० च्या दशकात रुळलेली. बुशेच्या लाव्हात पृथ्वीच्या कवचाचा अंश खूप मिसळलेला, आंबेनळीत अगदी कमी, हे हातात दगड घेऊन कळत नाही, लॅबच लागते. दोन्ही पद्धती शिका, पण रिपोर्टमध्ये कुठली वापरली ते पहिल्या पानावरच लिहा.

करिअरचं थोडक्यात सांगतो. एमएस्सीला आयआयटीत जायचं तर जॅम ही प्रवेश परीक्षा, पुढे गेट, आणि जीएसआय किंवा केंद्रीय भूजल मंडळासाठी यूपीएससीची कंबाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्य कार्यालय तर पुण्यातच आहे आणि तिथल्या कामात हीच फ्लोची समज लागते, कारण विहिरीला पाणी लागणार की नाही हे पोकळ्यांचा थर आणि भेगा कुठे आहेत त्यावर ठरतं.

डिझर्टेशनला विषय निवडताना अख्खा डोंगर घेऊ नका. एकच घाटसेक्शन घ्या, पावसाळा संपून गवत वाळलं की जा, रुंदीकरण झालं असेल तर ताजा कट मिळतो, फक्त वाहतूक आणि सुटे दगड सांभाळा. प्रत्येक फ्लोला सुरुवातीला एफ-१, एफ-२ असे नुसते नंबर द्या, शेजारचा सेक्शन जुळवून झाला की मग सरांशी किंवा मॅडमशी बसून ठरवा की कुठला फ्लो कुठल्या फॉर्मेशनमध्ये टाकायचा.