हायड्रोजेल कॉइलने रक्तवाहिनी बंद करताना: माप, फ्लश आणि घड्याळ

साधी प्लॅटिनम कॉइल, म्हणजे नसेत सोडायची वेटोळ्याची बारीक तार, नस स्वतः बंद करत नाही. ती रक्ताची वाट अडवते, मग तिच्या वेढ्यांत गुठळी जमते आणि ती गुठळी नस बंद करते. प्लेटलेट कमी असतील किंवा रुग्ण रक्त पातळ करणाऱ्या औषधांवर असेल, तर ही दुसरी पायरीच लंगडी पडते. हायड्रोजेल कॉइलची खरी गरज अशा वेळी कळते, कारण मधली मोकळी जागा जेल फुगून भरतो.

तारेवर किंवा तारेच्या आत सुकवून बसवलेला हा अ‍ॅक्रिलिक पॉलिमर असतो. रक्ताचा पीएच ७.४ च्या आसपास असतो. त्यात जेलमधल्या कार्बॉक्सिल गटांवर ऋणभार येतो, ते एकमेकांना दूर ढकलतात आणि पाणी आत ओढले जाते. याचा फायदा किती, हे एका हिशोबाने दिसते. ८ × ७ × ६ मि.मी.च्या एन्युरिझमचे (धमनीच्या भिंतीला आलेल्या फुग्याचे) आकारमान सुमारे १७६ घन मि.मी. ०.०१० इंच जाडीची, २० सें.मी. लांबीची साधी कॉइल त्यातले जेमतेम १० घन मि.मी., म्हणजे ६ टक्क्यांच्या आत, व्यापते. अशा पाच कॉइल घातल्या तरी भरणा ३० टक्क्यांच्या खालीच राहतो. आता फुगून तारेची जाडी दीडपट झाली, तर तेवढ्याच लांबीचे आकारमान सव्वादोनपट होते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ४९९ रुग्णांच्या हेल्प्स चाचणीत साध्या प्लॅटिनम कॉइलच्या तुलनेत हायड्रोजेल गटात एन्युरिझम मोठ्या प्रमाणात पुन्हा उघडण्याचे प्रमाण कमी होते, त्यामागे हेच कारण असावे असे आम्हाला वाटते.

माप घेताना. अँजिओग्रामवर जिथे कॉइल बसायची, तिथलाच व्यास मोजा. धमनीसाठी पहिली कॉइल त्याहून साधारण २० ते ३० टक्के मोठी घ्यावी, म्हणजे ती भिंतीला धरून राहते. फार मोठी घेतली तर वेढे पडत नाहीत, तार सरळ पसरते आणि कॅथेटरला (जिच्यातून कॉइल नेतात त्या नळीला) मागे ढकलते. लहान घेतली तर रक्ताबरोबर वाहून जाते. रक्तस्रावामुळे शॉकमध्ये असलेल्या रुग्णाच्या धमन्या आकसलेल्या असतात. रक्त चढवल्यावर त्या पुन्हा रुंदावतात आणि तासाभरापूर्वी घट्ट वाटलेली कॉइल सैल पडते. अशा रुग्णात मापाला थोडी सूट ठेवावी. पुढे फुगेल या भरवशावर पहिली कॉइल मात्र लहान घेऊ नये. फुगते ती तार, वेढ्याचा व्यास नाही.

मायक्रोकॅथेटरच्या (अगदी बारीक कॅथेटरच्या) आतल्या व्यासाची मर्यादा कॉइलच्या खोक्यावर छापलेली असते, ती पाळायचीच. अरुंद नळीत जेल घासून अडकतो; रुंद नळीत तार दुमडते आणि पुशरशेजारी (कॉइल पुढे ढकलणाऱ्या तारेशेजारी) चेपून बसते.

फ्लश. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. वाय-कनेक्टरमधून (कॅथेटरच्या मागच्या टोकाला जोडलेल्या फाट्यातून) हेपरिनयुक्त, म्हणजे रक्त गोठू न देणारे औषध घातलेल्या, सलाइनचा अखंड फ्लश (धुणारा प्रवाह) चालू हवा, प्रेशर बॅगमध्ये ३०० मि.मी. पारा दाब असावा आणि नळीत एकही बुडबुडा नसावा. फ्लश थांबला की रक्त मायक्रोकॅथेटरमध्ये मागे चढते आणि जेल आतल्या आतच फुगू लागतो. प्रत्येक कॉइलआधी ड्रिप चेंबरमधले थेंब डोळ्यांनी पाहा.

कॉइल सोडताना. मायक्रोकॅथेटरचे टोक आधी स्थिर करा, मगच पाकीट उघडा. कॉइल आत शिरली की कोणीतरी मोठ्याने वेळ सांगावी आणि मोजत राहावे. बाहेरून जेल असलेल्या पहिल्या पिढीत मागे घेऊन पुन्हा बसवायला साधारण ५ मिनिटे मिळत; आतून जेल असलेल्या अनेक नव्या कॉइलना जास्त वेळ मिळतो. हातातल्या कॉइलचा आकडा तिच्या माहितीपत्रकातून आधीच फळ्यावर लिहून ठेवा. वेळ संपल्यावर ओढाल तर फुगलेला जेल टोकाशी अडतो आणि तार उलगडत जाते. ढकलताना अडथळा लागला तर जोर करू नये. कॉइल आणि मायक्रोकॅथेटर एकत्र बाहेर काढावेत.

विलग होणाऱ्या कॉइलसाठी (जागेवर बसल्यावर पुशरपासून सोडवायच्या कॉइलसाठी) दोन मार्करची, म्हणजे क्ष-किरणांत दिसणाऱ्या दोन खुणांची, नळी लागते, मार्करमधले अंतर ३ सें.मी. पुशरची खूण मागच्या मार्करशी जुळली की थांबा. त्यापुढे ढकलल्यास पुशरचे टोक बाहेर येऊन भिंतीला टोचू शकते. विलग केल्यावर फ्लुरोस्कोपीखाली (चालत्या क्ष-किरण चित्राखाली) पुशर अगदी हळू मागे घ्या. कॉइल सोबत हलली तर ती सुटलेली नाही. पुशर पुन्हा जागेवर नेऊन विलग करा.

गॅस्ट्रोड्युओडेनल धमनीतून (जठर आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला रक्त देणाऱ्या धमनीतून) रक्तस्राव असेल तर एकाच बाजूने बंद करून भागत नाही. आतड्यांना रक्त देणाऱ्या वरच्या मेसेंटेरिक धमनीतून पॅन्क्रिॲटिकोड्युओडेनल (स्वादुपिंडाजवळच्या) फाट्यांमार्गे रक्त उलटे येते. आधी जखमेच्या पलीकडे भरा, मग मागे येत अलीकडे भरा. शेवटची शेपटी यकृताकडे जाणाऱ्या धमनीत लोंबकळू देऊ नका. आत्ता एक वेढा बाहेर डोकावतोय असे वाटते, पण फुगल्यावर तोच चालू नस अरुंद करतो.

जेल क्ष-किरणांत दिसत नाही, पडद्यावर दिसतो तो फक्त प्लॅटिनम. त्यामुळे भरणा विरळ वाटतो आणि अजून एक घालण्याचा मोह होतो. थोडा प्रवाह उरला असेल तर ५ ते १० मिनिटे थांबून पुन्हा अँजिओग्राम घ्या. बऱ्याचदा तेवढ्यात तो थांबलेला असतो. नाही थांबला, तर मोकळी वाट कुठे आहे ते शोधूनच पुढची कॉइल निवडा.

मेंदूतल्या एन्युरिझममध्ये हायड्रोजेलनंतर निर्जंतुक मेनिंजायटिस (जंतूंशिवाय मेंदूच्या आवरणाला येणारी सूज) आणि हायड्रोसेफॅलस (मेंदूत पाणी साचणे) झाल्याच्या नोंदी आहेत. डोकेदुखी, ताप, मान ताठरणे किंवा चालण्यात बदल दिसला तर लगेच परत यावे, असे नातेवाईकांना डिस्चार्जच्या वेळी सांगा आणि कागदावरही लिहून द्या. त्याच कागदावर प्रत्येक कॉइलचे नाव, माप आणि लॉट क्रमांक असावा. पुढे एमआरआय करायची वेळ आली की तिथले तंत्रज्ञ आधी तेच विचारतात.