सेडानला एअर हॉर्न बसवताना या चुका टाळा

दिवाळी सरून साखर कारखाने सुरू झाले की माजलगाव, अंबाजोगाई, कळंब या पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर उतरतात. चालकाच्या डोक्यावर साउंडबॉक्स, ट्रॉलीच्या मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. अशा ट्रॅक्टरमागं हॉर्नवर हात ठेवून रखडलेला सेडानवाला पुढच्याच आठवड्यात कार डेकोरच्या दुकानात उभा असतो. "दादा, ट्रकसारखा भोंगा टाका." म्हणजे दाबलेल्या हवेवर वाजणारा एअर हॉर्न. पण पहिली चूक दुकानाची पायरी चढायच्या आधीच झालेली असते: जुना हॉर्न कुणी तपासलेलाच नसतो.

बऱ्याच सेडानला पुढं दोन डिस्क हॉर्न असतात, एक चढ्या सुराचा, एक खालच्या. काळ्या मातीचा चिखल ग्रिलमधून आत बसतो, कनेक्टरला हिरवट थर चढतो, अर्थिंगचा, म्हणजे मायनस वायर गाडीच्या पत्र्याला जोडणारा, बोल्ट गंजतो आणि दोघांतला एक कधीतरी गप्प होतो. काचा बंद करून एसीत बसणाऱ्याला ते कळत नाही, फक्त "आजकाल कुणी बाजूलाच होत नाही" एवढंच जाणवतं. एकेकाचा कनेक्टर काढून दुसरा वाजवून पाहा. जो वाजत नाही त्याला बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट द्या. तेव्हा खणखणीत वाजला तर हॉर्न चांगला आहे, रोग वायरीत किंवा अर्थिंगमध्ये आहे. बोल्ट काढून पत्रा पॉलिश पेपरनं घासला की निम्म्या गाड्यांचं काम तिथंच भागावं. बेस मॉडेलला एकच हॉर्न असेल किंवा जुने खरंच गेले असतील, तर गोल शिंपल्याच्या आकाराची विंडटोनची जोडी, आयएस १८८४ मानकाची, रिलेसकट (बटणाच्या छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बसवा. रोजच्या गाडीला मी तरी हेच सांगेन. पुढचं सगळं, ज्यांना एवढ्यावर समाधान नाही त्यांच्यासाठी.

आधी कायदा, मग पाना

"बसवलेला चालतो साहेब, वाजवला तरच पावती," असं दुकानदार बिनदिक्कत सांगतो. ते चूक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ११९ बसवण्याबद्दलच बोलतो: एकापाठोपाठ वेगवेगळे सूर काढणारा मल्टिटोन हॉर्न नको, आणि अवाजवी कर्कश, मोठा किंवा घाबरवून सोडणारा आवाज काढणारं दुसरं साधनही नको. म्हणजे गाण्याची धून वाजवणारा हॉर्न पहिल्याच फटक्यात बाद. दोन भोंगे एकाच वेळी वाजणारा असला तरी कर्कशपणाच्या कलमातून सुटका नाही. ध्वनिप्रदूषणाचे निकष मोडले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, वर तीन महिने लायसन्स अपात्र. विनाकारण किंवा सतत हॉर्न वाजवला तर कलम १९४-एफ खाली १,००० रुपये, पुन्हा सापडलात तर २,०००. शिवाय दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात, आणि वस्तीत रात्री १० ते सकाळी ६, तातडीचा प्रसंग सोडून कुठलाच हॉर्न चालत नाही. संभाजीनगरात घाटी दवाखान्यासमोरून जाताना कंपनीचाच हॉर्न वाजवायचा नसतो, तिथं भोंग्याची काय कथा. तेव्हा सार्वजनिक रस्त्यावर हा भोंगा म्हणजे पावतीला आमंत्रण, हे धरूनच पैसे मोजा.

खोक्यावरचा आकडा आणि ट्रकचा भोंगा

खोक्यावर "३०० डेसिबल", "६०० डेसिबल" असं छापलेलं असतं. हवेतली साधी ध्वनिलहर १९४ डेसिबलच्या पुढं जाऊच शकत नाही, कारण लहरीच्या खालच्या टोकाला हवेचा दाब शून्यावर येतो आणि शून्याखाली दाब नसतो. तेव्हा तो आकडा छापणाऱ्याचा उत्साह समजा. दुकानात विचारायचे प्रश्न वेगळे आहेत: किती व्होल्ट, किती अँपिअर, सोबत कंप्रेसर, म्हणजे हवा दाबून देणारी मोटर, आहे का?

हे विचारलं नाही म्हणून ट्रकच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून भोंगा आणणारे आहेत. ट्रकचा एअर हॉर्न ब्रेकच्या हवेच्या टाकीवर चालतो, त्याला फक्त हवा सोडणारा व्हॉल्व्ह असतो, तोही बहुधा २४ व्होल्टचा. सेडानमध्ये ना हवेची टाकी, ना २४ व्होल्ट. तो भोंगा कारला जोडला तर नुसता शोभेचा राहतो. कारला १२ व्होल्टचा कंप्रेसर असलेला सेटच लागतो.

खरा घोळ वायरिंगचा

एअर हॉर्नमधल्या बहुतेक तक्रारींचं मूळ भोंग्यात नसतं, करंटमध्ये असतं. छोटा कंप्रेसर १५ ते २० अँपिअर ओढतो. कंपनीच्या हॉर्नची वायर आणि तिचा १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज एवढ्यासाठी बनलेले नाहीत. जुन्या हॉर्नच्या वायरी सोलून कंप्रेसरला पीळ मारला, वर टेप गुंडाळला, की दोन दिवस भोंगा वाजतो, मग फ्यूज जातो. मग कुणीतरी सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावतो आणि फ्यूजऐवजी वायर तापायला लागते. फ्यूज उडत असेल तर मोठा फ्यूज टाकणं हा इलाज नाही. कारण शोधा.

रिले हवाच, १२ व्होल्ट, ३०/४० अँपिअरचा. त्याच्या पायांवर नंबर असतात. जुन्या हॉर्नच्या दोन वायरींतून ८५ आणि ८६ नंबरच्या पायांना जोड द्या. हॉर्नला एकच वायर असेल तर दुसरा पाय अर्थ करा. बॅटरीच्या प्लसवरून जाड वायर ३० ला, आणि त्या वायरीत बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूज, सेटच्या कागदावर लिहिला असेल तेवढ्याच अँपिअरचा. फ्यूज रिलेजवळ लावला आणि मधली वायर बोनेटच्या पत्र्याला घासली, तर तिला वाचवणारं कुणी नाही. ८७ वरून कंप्रेसरचा प्लस. काही रिलेत डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) असतो, तिथं ८५-८६ उलटे चालत नाहीत. रिलेवरचं चित्र बघा.

वायरीची जाडी हा कंटाळवाणा विषय वाटतो, पण हिशेब सोपा आहे. एक चौरस मिलिमीटरच्या तीन मीटर तांब्याच्या वायरीत १८ अँपिअरला जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच मरतो. चार चौरस मिलिमीटरची घेतली तर पाव व्होल्टही जात नाही. इंजिन बंद असताना बॅटरीकडे साडेबारा व्होल्टच असतात, त्यातला एक वायरीनं खाल्ला की कंप्रेसर दमेकऱ्यासारखा धापा टाकतो. स्वस्तातली वायर आतून ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा अशी निघते. टोक खरवडलं की पांढरं दिसतं. ती परत करा. अर्थिंगही तेवढंच जाड, रंग खरवडलेल्या पत्र्यावर, वायरीच्या टोकाला थिंबल (धातूचं कडं) दाबून. रंगावर बोल्ट आवळला तर वाजेलही, पण पावसाळा काढणार नाही.

जुने हॉर्न काढून फेकू नका. छोट्या कंप्रेसरला हवा भरायला क्षणभर लागतो, त्यामुळं हलकं टिचकीसारखं दाबलं तर भोंगा नुसता फुस्स करतो. कुत्रं आडवं आलं, शाळेचं पोरगं सायकलवरून वळलं, तेव्हा त्या क्षणाचीच गरज असते. डिस्क हॉर्न दाबताक्षणी वाजतो.

जागा

सेडानच्या पुढच्या बंपरमागं जागा कमी, म्हणून घाईत कुठंही अडकवतात. कंप्रेसर उभा हवा, भोंग्यांची तोंडं पुढं आणि जराशी खाली. तोंड वर राहिलं तर पहिल्या पावसात, नाहीतर वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनखाली, भोंगा पाण्यानं भरतो आणि गुळण्या केल्यासारखा आवाज येतो. हवेची नळी जितकी आखूड तितकं चांगलं. ती रेडिएटर किंवा एक्झॉस्टजवळून नेऊ नका. मे महिन्यात परभणी-नांदेडकडं पारा ४२-४३ वर असतो, त्यात बोनेटखालची नळी मऊ पडून दुमडते. बंपरमागच्या लोखंडी बीमला भोक पाडू नका. पुढच्या भागात एअरबॅगचा क्रॅश सेन्सर असतो, त्याच्या बोल्टवर ब्रॅकेट अडकवण्याचा मोह आवरा. आणि चाचणी घेताना कुणालाही भोंग्यासमोर उभं करू नका, मेकॅनिकच्या पोराला तर नाहीच.

बिघडलं तर कुठं बघायचं

रिले टिक् वाजतो, भोंगा गप्प: ३० वर करंट येतोय का ते टेस्ट लॅम्पनं बघा, नसेल तर फ्यूज, असेल तर कंप्रेसरचा अर्थ. रिलेही टिक् वाजत नाही: जुन्या हॉर्नच्या वायरीकडं वळा. कंप्रेसर गुरगुरतो पण सूर नाही: नळी निसटली आहे, दुमडली आहे किंवा आत पाणी आहे. एक भोंगा वाजतो, दुसरा नाही: हवा दोन भोंग्यांत वाटणाऱ्या टी-जॉइंटपाशी ती गळते, साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. इंजिन चालू असतानाच नीट वाजतो: वायर बारीक आहे किंवा बॅटरी थकली आहे. स्टिअरिंग वळवताना आपोआप वाजतो: भोंग्याचा दोष नाही, स्टिअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग (स्टिअरिंगसोबत फिरणारी वायरीची गुंडाळी) तपासायला लागेल, आणि तिथंच एअरबॅगची वायरिंग असल्यानं ते काम जाणकाराकडंच द्या.

बॅटरी जोडताच भोंगा सुरू आणि बटण दाबलं की बंद, हा प्रकार पाच पायांच्या रिलेत होतो: वायर ८७ ऐवजी ८७-ए वर बसलेली असते. आणि रात्री गल्लीत भोंगा अडकून वाजतच राहिला तर बॅटरीचे बोल्ट खोलत बसू नका. बोनेट उघडून रिले उपटा. म्हणूनच रिले बसवताना तो हाताला लागेल अशा जागी, पाय खाली करून बसवायचा, म्हणजे पाणीही साचत नाही आणि अंधारात चाचपडावंही लागत नाही.