सीएसआर निधी मागण्याआधी हे तपासा

गावातल्या वाचनालयाला किंवा पाणवठ्याच्या कामाला निधी हवा असेल, तर आधी जवळच्या एमआयडीसीतल्या कंपन्यांकडे बघा. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार, आदल्या आर्थिक वर्षात निव्वळ नफा 5 कोटी किंवा त्याहून जास्त असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. हाच सीएसआर, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचा निधी. त्यातही कारखान्याच्या आसपासच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे कायदाच सांगतो. अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात तुमचे गाव कारखान्यापासून किती किलोमीटरवर आहे, ते लिहा.

अर्ज अडतात ते मात्र कागदपत्रांपाशी. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी पुरत नाही. आयकराची 12ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि 80जी (देणगीदाराला करसवलत) ही नोंदणी हवी, आणि 1 एप्रिल 2021 पासून केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-1 फॉर्म भरून मिळणारा नोंदणी क्रमांकही. शिवाय तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. संस्था नवी असेल तर खोटा अनुभव दाखवू नका. तालुक्यातल्या जुन्या, विश्वासू संस्थेला सोबत घ्या आणि अर्ज तिच्या नावाने करा. हिशेब कोण ठेवणार, हे आधीच लेखी ठरवून घ्या, नाहीतर चांगली माणसं दुरावतात.

कंपनीने मंजूर केलेले प्रकल्प आणि सीएसआर समितीची नावे तिच्या वेबसाइटवर असतात. ती यादी वाचा. शाळांनाच मदत करणाऱ्या कंपनीकडे स्मशानभूमीच्या शेडसाठी जाण्यात वेळ घालवू नका. आणि जानेवारीतच भेटा, कारण पुढच्या वर्षाचा आराखडा बहुतेक ठिकाणी मार्चच्या आसपास ठरतो.