जुन्या गाडीची इग्निशन कॉइल रिव्हेट नटवर बसवताना

पद्मिनी असो, अॅम्बॅसिडर असो की जुनी पेट्रोल जीप, प्लगच्या ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज बनवणाऱ्या कॉइलचा पट्टा धरणारे दोन स्क्रू मूळचे राहिलेली गाडी विरळाच. एकदा स्क्रू ढिला झाला की त्याच भोकात मोठा पत्र्याचा स्क्रू जातो, तोही ढिला झाला की त्याहून मोठा, आणि शेवटी भोकात करंगळी जाईल अशी अवस्था येते. तेलाने भरलेली कॉइल पाऊण किलोच्या आसपास भरते. एवढं वजन हलत्या पट्ट्यावर लोंबकळत राहिलं की टर्मिनलजवळची वायर आतल्या आत एकेक तार करत तुटते. वरून इन्सुलेशन शाबूत दिसतं. मग वाईजवळच्या पसरणी घाटाच्या चढाला गाडी मिसिंग मारते, पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) घासले जातात, कंडेन्सर बदलला जातो, कार्ब्युरेटर उघडला जातो, आणि दोष जिथल्या तिथे.

पत्र्यालाच टॅप मारून आटे पाडावेत असं वाटणं साहजिक आहे, पण हिशोब बसत नाही. एम-६ बोल्टच्या दोन आट्यांमधलं अंतर एक मिलिमीटर, आणि या गाड्यांचा पत्राही जेमतेम तेवढाच जाड. म्हणजे पाऊण किलोचं हलतं वजन एका आट्यावर. मागून नट लावावा तर बहुतेक ठिकाणी हात पोचत नाही. रिव्हेट नट लागतो तो इथे.

हा नट म्हणजे पुढे कॉलर असलेली छोटी नळी. तिचे आटे फक्त मागच्या टोकाला असतात. मधला भाग पातळ ठेवलेला असतो. मागचं टोक पुढे ओढलं की मधला भाग पत्र्याच्या मागे फुगतो आणि कॉलर व फुगवटा यांच्यामध्ये पत्रा आवळला जातो. फुगवटा नीट झाला आणि भोक मापाचं असलं तरच तो धरतो. त्यामुळे यातलं निम्मं यश भोकात आहे.

काय घ्यायचं

कॉइलसाठी एम-६ मापाचा, झिंक प्लेटिंग केलेला स्टीलचा, चपट्या कॉलरचा आणि बाहेरून उभे चरे असलेला रिव्हेट नट घ्यावा. याला ९ मिमीचं भोक लागतं आणि तो साधारण अर्धा ते तीन मिमी जाडीचा पत्रा पकडतो. पट्ट्याची भोकं लहान असतील तर एम-५ चालतो, त्याचं भोक ७ मिमी. पाकिटावर भोकाचं माप वेगळं छापलेलं असेल तर तेच खरं मानावं. दोन लागत असले तरी सहा घ्या, कारण एक-दोन सरावात जायलाच हवेत.

अॅल्युमिनियमचा नट स्वस्त आणि ओढायला सोपा, पण आटे मऊ. कॉइल दोन-तीनदा काढली-घातली की ते जातात. स्टेनलेस स्टीलचा मजबूत असतो, मात्र नट ओढायच्या हाताच्या टूलने पुरता ओढला जात नाही, आणि त्यात स्टेनलेसचाच बोल्ट कोरडा घातला तर जाम होण्याची भीती. षटकोनी नळीचे नटही मिळतात, ते फिरत नाहीत हे खरं, पण त्यांना भोकही षटकोनी लागतं. घरच्या ड्रिलने ते होत नाही, तेव्हा तो नाद सोडा.

बोल्ट एम-६, २० मिमी लांबीचे, ८.८ ग्रेडचे (जास्त ताकदीच्या स्टीलचे). लांबीत चूक फार होते. आटे नळीच्या मागच्या भागात असल्यामुळे १० किंवा १२ मिमीचा बोल्ट वायसर आणि पट्टा ओलांडून आट्यांपर्यंत पोचतो न पोचतो, एक-दोन आटे पकडतो आणि आवळताना तेवढे ओरबाडून काढतो. सोबत दोन स्प्रिंग वायसर, चार साधे वायसर, ३ मिमीचं ड्रिल बिट, ९ मिमीची पायरी असलेलं स्टेप ड्रिल, सेंटर पंच, गोल कानस आणि रेड ऑक्साइड किंवा झिंक प्रायमरची छोटी डबी. सांगलीजवळच्या कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत इलेक्ट्रिक पॅनल आणि केबिन बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये हे नट रोजच्या वापरातले, त्यामुळे साध्या हार्डवेअरच्या दुकानात नाही मिळाले तर तिकडे चौकशी करावी. टूल विकत घेण्याची गरज नाही, उपाय पुढे दिला आहे.

जागा आणि पत्रा

मूळ जागा शाबूत असेल तर तीच वापरा. ५० वर्षांपेक्षा जुनी गाडी २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे विंटेज म्हणून नोंदवायची असेल तर ती मूळ रूपात असणं अपेक्षित आहे. ९ मिमीच्या भोकाने काही बिघडत नाही, पण बॉनेट उघडल्यावर उगाच नवी भोकं दिसू नयेत.

नवी जागा निवडायचीच असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून वीतभर तरी लांब, पाणी थेट उडणार नाही अशी आणि प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या जवळ असावी. कॉइल बॉडीवर बसवली तर इंजिन मात्र माउंटिंगवर डुलत असतं, म्हणून कॉइल आणि डिस्ट्रिब्युटर यांच्या मधल्या जाड वायरला थोडी ढील ठेवा. कॉइलचं तोंड वर किंवा तिरकं राहावं. तोंड खाली करून बसवलं तर तोंडाजवळच्या सीलवर तेलाचा दाब राहतो, तिथून तेल झिरपतं, आणि तेल कमी झालेली कॉइल तापून मरते. महाबळेश्वरच्या बाजूला, जिथे वर्षाला पाच हजार मिमीहून जास्त पाऊस पडतो, तिथे तोंडावरचं रबरी बूट चिरलेलं असेल तर ते याच वेळी बदला. ओल्या तोंडावरून करंट सरकला की प्लास्टिकवर काळी रेघ उमटते. ती पुसून जात नाही, आणि मग कॉइलच बदलावी लागते.

सांगली-मिरजेकडच्या गाड्यांसाठी एक पायरी जास्त. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या कितीतरी गाड्या नंतर धुऊन-रंगवून विकल्या गेल्या. दुहेरी पत्र्याच्या पोकळीत बसलेला गाळ आतून पत्रा खात राहतो आणि वरून रंग चकचकीत दिसतो. ज्या जागी भोक पाडायचं तिथे आरीचं टोक जोरात दाबून पाहा, हातोडीच्या मुठीने ठोकून पाहा. आवाज बद्द आला किंवा टोक रुतलं तर तिथे रिव्हेट नट लावू नका. फुगवटा पत्र्याला धरण्याऐवजी फाडून बाहेर येईल.

भोक

बॅटरीची अर्थ वायर काढा. पत्र्याच्या मागे काय आहे ते बघितल्याशिवाय ड्रिल लावायचं नाही. वायरिंगचा जुडगा, ब्रेकचा पाइप, पेट्रोलची नळी, वायपरची मोटर, काहीही असू शकतं. न ओढलेला एम-६ नट मागे दीड सेंटीमीटरच्या आसपास जातो, तेवढी मोकळी जागा हवी. भोकाचा मध्य पत्र्याच्या कडेपासून किमान १५ मिमी आत ठेवा.

दोन्ही भोकं एकदम आखू नका. आधी एकच. सेंटर पंच मारून ३ मिमीचं भोक, मग स्टेप ड्रिलने सावकाश ९ मिमीपर्यंत. साधं ९ मिमीचं बिट पातळ पत्र्यात घातलं की ते थरथरतं आणि भोक तिकोनी पडतं, आणि अशा भोकात नट हमखास फिरतो. स्टेप ड्रिल पुढच्या पायरीत घुसू नये म्हणून ९ च्या पायरीनंतर त्याला चिकटपट्टी गुंडाळा. भोक साडेनऊचं झालं तर नट वाया गेला समजा. नट हाताने दाबल्यावर किंचित अडून आत जायला हवा. खुळखुळला तर भोक मोठं, ठोकावा लागला तर कानशीचे दोन-चार हात द्या. कडेचे बर (ड्रिलने उठलेली धारदार कड) दोन्ही बाजूंनी काढा, नाहीतर कॉलर पत्र्याला टेकत नाही.

लोखंडाचा कीस चुंबकाने उचलून घ्या. बॉनेटखाली राहिलेला कीस पहिल्याच पावसात गंजतो आणि रंगावर तांबडे ठिपके सोडतो. भोकाच्या उघड्या कडेला प्रायमर लावून वाळू द्या.

ओढणे

टूल असेल तर त्याच्या स्क्रूवर नट पूर्ण चढवा. स्क्रूचं टोक नटाच्या मागच्या तोंडाशी येऊन एखादा आटा बाहेर दिसला पाहिजे. अर्धवट चढवून ओढला तर नटाचे आटेच निघतात.

टूल नसेल तर ४० मिमीचा पूर्ण आट्यांचा ८.८ ग्रेडचा एम-६ बोल्ट घ्या. त्यावर आधी एक साधा एम-६ नट चढवा, मग तेल लावलेले दोन वायसर, आणि शेवटी रिव्हेट नट, टोक एक आटा बाहेर येईपर्यंत. हे सगळं भोकात घालून कॉलर पत्र्याला टेकवा. आता दहा नंबरच्या एका पान्याने बोल्टचं डोकं अजिबात फिरू न देता धरा आणि दुसऱ्या पान्याने साधा नट घड्याळाच्या दिशेने फिरवा. बोल्ट बाहेर ओढला जातो आणि मागे फुगवटा तयार होतो. उलट केलं, म्हणजे डोकं फिरवलं, तर रिव्हेट नटही भोकात फिरू लागतो. वायसरना तेल लावायचं ते याचसाठी, नाहीतर नटाबरोबर कॉलर ओढली जाते.

कुठे थांबायचं हे अंदाजावर सोडू नका. गाडीच्या पत्र्याइतक्याच जाडीच्या तुकड्यात आधी एक नट बसवून बघा. सुरुवातीला पाना एकसारख्या जोराने फिरतो, आणि फुगवटा पत्र्याला भिडला की अचानक जड होतो. तिथपर्यंत किती फेरे झाले ते मोजून ठेवा आणि गाडीवर तेवढेच द्या. त्यापुढे अर्धा फेराही आटे ताणतो. तुकड्यातल्या नटात बोल्ट घालून आवळून पाहा. तो फिरत असेल तर भोक किंवा ओढ यांपैकी एक चुकलं आहे, आणि ते कळायला गाडीपेक्षा भंगारातला तुकडा बरा.

पट्टा आणि कॉइल

पहिला नट बसला की कॉइलचा पट्टा एका बोल्टवर सैल अडकवा, कॉइल सरळ धरा आणि पट्ट्याच्या दुसऱ्या भोकातून खूण करा. अंतर पट्टीने मोजून आखलं तर मिलिमीटरभर चुकतंच. पट्टा उतरवून दुसरं भोक आणि दुसरा नट त्याच रीतीने.

चपटी कॉलर पत्र्याच्या वर एक-दीड मिमी उठून राहते. पट्टा तिच्यावर टेकायला हवा. पट्ट्याचं भोक किंवा खाच कॉलरपेक्षा मोठी असेल तर पट्टा कॉलरभोवती पत्र्यावर बसतो, आणि बोल्ट आवळताना नट पत्र्यातून वर खेचला जातो. अशा वेळी पट्टा आणि कॉलर यांच्यामध्ये एक रुंद जाड वायसर घाला. बोल्टच्या डोक्याखाली साधा वायसर आणि स्प्रिंग वायसर. सहा न्यूटन मीटरच्या आसपास आवळ पुरते. टॉर्क रेंच नसेल तर स्प्रिंग वायसर चपटा झाल्यावर थोडासाच हात द्या. कॉइलभोवतीचा आवळायचा स्क्रू डबीला पोचा पडेल इतका ओढू नका.

पॉइंटच्या गाडीत कॉइलच्या डबीला अर्थ लागत नाही. पण रेडिओची खरखर घालवणारा कंडेन्सर किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं मॉड्युल त्याच बोल्टखाली असेल तर त्याला अर्थ लागतो, आणि प्रायमर लावलेल्या भोकातल्या नटावर त्यासाठी भरवसा ठेवता येत नाही. वेगळी वायर ओढा.

वायरी जोडताना निगेटिव्ह अर्थच्या (बॅटरीचं मायनस टोक बॉडीला जोडलेल्या) गाडीत चावीच्या स्विचकडून आलेली वायर प्लसला आणि डिस्ट्रिब्युटरची मायनसला. बॉशच्या कॉइलवर १५ म्हणजे स्विच आणि १ म्हणजे डिस्ट्रिब्युटर. पॉझिटिव्ह अर्थच्या जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाडीत हे उलट. चुकलं तरी गाडी चालू होते, म्हणून चूक लवकर लक्षात येत नाही, पण प्लगला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागतं आणि चढाला दम कमी पडतो. कॉइल नवी असेल तर दोन छोट्या टर्मिनलमध्ये मल्टिमीटर लावा. बारा व्होल्टच्या, बॅलास्ट (कॉइलच्या वाटेत करंट कमी करणारा रेझिस्टर) नसलेल्या गाडीला तीन ओहमच्या आसपासची कॉइल हवी. दीड ओहमची कॉइल बॅलास्टशिवाय लावली तर पॉइंट काळे पडतात आणि कॉइलला हात लावता येत नाही. इंजिन बंद ठेवून चावी चालू सोडली आणि पॉइंट मिटलेले असले तर चांगली कॉइलही तापून तेल सोडते, हे चाचणी घेताना ध्यानात असू द्या.

पहिल्या घाटातून आल्यावर, इंजिन गार झालं की दोन्ही बोल्टना पाना लावून पाहा.

नट फिरायला लागला तर

बोल्ट निघत नाही आणि नट जागेवर गरगर फिरतो, अशी वेळ आली तर बोल्टच्या डोक्याखाली स्क्रूड्रायव्हर घालून बाहेरच्या बाजूला ताण द्या आणि त्याच वेळी बोल्ट उलटा फिरवा. बऱ्याचदा तेवढ्याने सुटतो. नाहीच सुटला तर डोकं ग्राइंडरने उडवा, पट्टा काढा, कॉलर पक्कडीत घट्ट धरून ९ मिमीच्या बिटने फक्त कॉलर कापा आणि उरलेली नळी मागे ढकला. मागे हात जात असेल तर ती चुंबकाने उचला. बंद पोकळीत पडली तर खडखड करत राहील, म्हणून ढकलण्याआधी भोकातून थोडं ग्रीस आत सोडा, म्हणजे ती तिथेच चिकटून राहते.

मोठ्या झालेल्या भोकात एम-८ बसवता येतो, त्याला ११ मिमीचं भोक लागतं. पण मग पट्ट्याचंही भोक वाढवावं लागतं आणि पट्टा कमजोर होतो. त्यापेक्षा दोन मिमी जाडीची स्टीलची पट्टी घ्या, तिच्यात दोन एम-६ नट बसवा आणि ती पट्टी चांगल्या पत्र्याच्या जागी चार पॉप रिव्हेटांनी धरा. जुनी भोकं तिच्यामागे झाकली जातात, आणि दोन मिमी जाड पट्टीत नटाची पकड एक मिमीच्या पत्र्यापेक्षा चांगली बसते.