नर्सिंगमध्ये अर्धवेळ काम कसं सुरू करावं?

बाळंतपण झालं, सासूबाई अंथरुणाला खिळल्या, बदली झाली, की कितीतरी सिस्टर 'आता बारा तासांची ड्युटी जमायची नाही' म्हणत नर्सिंगच सोडतात. वॉर्डात घासून तयार झालेला हात असा घरी बसला की माझा जीव तुटतो.

आधी कागद बघा. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनचं दर 5 वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. मुदत संपली असेल तर सगळ्यात आधी तो अर्ज भरा. जुन्या हॉस्पिटलकडून अनुभवाचं पत्र मागून घ्या. उशीर केलात तर मेट्रन बदलतात, रेकॉर्ड सापडत नाही.

मग स्वतःचे तास ठरवा. मुलं शाळेत असताना सकाळीच जमणार असेल तर बालरोगतज्ज्ञांचं लसीकरण, पॉलिक्लिनिकची ओपीडी किंवा डायलिसिस सेंटर बघा. डायलिसिसचं एक सेशन साधारण 4 तासांचं असतं. काही सेंटर अर्धी शिफ्ट देतात, विचारायला लाजू नका.

पण माझ्या मते खरी संधी घरी जाऊन करायच्या व्हिजिटमध्ये आहे. ऑपरेशननंतरचं ड्रेसिंग, कॅथेटर (लघवीची नळी) बदलणं, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी), इंजेक्शन. घरोघरी नर्स पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत बारा तास पेशंटजवळ बसण्यापेक्षा हे बरं. काम मिळवायला जवळच्या दोन-तीन सर्जनना आणि फॅमिली डॉक्टरांना कागदपत्रं घेऊन भेटा. डिस्चार्ज झालेल्या पेशंटला सिस्टर कुठून आणायची, हा त्यांचाही रोजचा प्रश्न असतो.

दर फोनवरच सांगा, जाण्यायेण्याचा खर्च धरून. एकदा घरात शिरलं, आजोबांचा हात हातात घेतला, की पैशांचं बोलायला जीभ रेटत नाही. डॉक्टरांची लेखी ऑर्डर नसेल तर इंजेक्शन देऊ नका, घरच्यांनी कितीही गळ घातली तरी. प्रत्येक व्हिजिटची नोंद वहीत ठेवा: तारीख, वेळ, बीपी, औषध, डोस. वापरलेल्या सुया जाड झाकणबंद डब्यात घेऊन ओळखीच्या क्लिनिकमध्ये द्या, पेशंटच्या घरच्या कचऱ्यात टाकू नका. आणि निघण्याआधी नातेवाइकांना एक गोष्ट करून दाखवा. कॅथेटर असेल तर युरिन बॅग नेहमी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर टांगायची, पेशंटच्या पोटावर ठेवून त्याला उठवायचं नाही.

सहा महिन्यांत हात कशावर बसतो ते कळतं. कुणाला जखमांची काळजी जमते, कुणाला बाळाला अंगावर पाजायला शिकवणं, कुणाला मधुमेहींना इन्सुलिन घ्यायला शिकवणं. त्याच विषयाचा छोटा कोर्स करा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना भेटाल तेव्हा तेच काम मागा.