छोट्या घराचं आधी टाइमटेबल लिहा, फर्निचर नंतर घ्या

माझं लहानपण नायगावच्या बीडीडी चाळीत गेलं, 160 स्क्वेअर फुटांची एक खोली आणि आम्ही सात माणसं. आता डोंबिवलीत 318 स्क्वेअर फूट कार्पेटचा, म्हणजे आतली वापरायची जागा तेवढी असलेला वन बीएचके आहे, माणसं चार. म्हणजे जागा दुप्पट, माणसं जवळपास निम्मी, तरीसुद्धा पहिली दोन वर्षं हे घर मला चाळीतल्या खोलीपेक्षा जास्त अडचणीचं वाटायचं आणि का ते कळतच नव्हतं. मग एकदा आईकडे बसून जुन्या गोष्टी चालल्या होत्या तेव्हा लक्षात आलं, की चाळीत आमच्या खोलीत कुठलीच जागा कायमची कुणाची नव्हती. पहाटे वळकट्या उचलल्या की तिथेच वडील चहा प्यायचे, दहा वाजता तिथेच आई गहू निवडायची, दुपारी रात्रपाळी करून आलेला काका पडदा ओढून तिथेच झोपायचा, संध्याकाळी आम्ही पोरं अभ्यासाला आणि रात्री परत गाद्या. एक खोली दिवसातून पाच वेळा बदलायची. आणि इथे मी काय केलं होतं, तर प्रत्येक कामासाठी एकेक वस्तू आणून कायमची मांडून ठेवली होती.

म्हणून छोट्या घरात राहायला जाणाऱ्या सगळ्यांना मी पहिलं एकच सांगते, कागद घ्या आणि सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत कुठल्या खोलीत कोण काय करतं ते लिहा. खरं लिहा, आपल्याला कसं राहायला आवडेल ते नाही. आमच्या कागदावर निघालं की हॉलमध्ये रात्री सासूबाई झोपतात, सकाळी मिस्टर तासभर व्यायाम करतात, दुपारी मी शिवणाचं मशीन काढते, संध्याकाळी मुलगा अभ्यासाला बसतो आणि जेवण तर आम्ही खालीच बसून करतो. या पाचपैकी एकाही कामाला सोफा लागत नव्हता! आणि आम्ही एल शेपचा सोफा घेऊन बसलो होतो. दुकानदाराने सांगितलं होतं आरामात बसेल, दाराची फळी काढून आत घ्यावा लागला आणि बसला तो सासूबाईंच्या अंथरुणाच्या जागेवर. त्या बिचाऱ्या आठ महिने त्या सोफ्यावर अंग आखडून झोपल्या, एक शब्द बोलल्या नाहीत, ते मला अजून लागून राहिलंय. शेवटी निम्म्या किमतीत विकला आणि भिंतीलगत 6 बाय 3 चा साधा दिवाण केला, दिवसा बसायला रात्री त्यांना झोपायला, खाली ड्रॉवर.

आता मापं. बिल्डरच्या कागदावर जे कार्पेट असतं त्यात आतल्या पार्टिशनच्या भिंतींची जाडीपण धरलेली असते, त्यामुळे त्या आकड्यावर जाऊ नका, टेप घेऊन स्वतः मोजा. दार उघडल्यावर किती आत येतं, खिडकीची कड जमिनीपासून किती उंच, स्विचबोर्ड कुठे, सगळं. आणि वस्तू घ्यायच्या आधी रद्दीचे पेपर त्या मापाचे कापून जमिनीवर टेपने चिकटवा आणि दोन दिवस तसंच राहा. पेपरवर पाय न देता फिरायचं. आम्ही बेडरूममध्ये 6.5 बाय 5 चा पलंग घेणार होतो, पेपर चिकटवला तर कपाटाचा दरवाजा अर्धाच उघडत होता आणि बाथरूमकडे आडवं होऊन जावं लागत होतं. आमची बेडरूम 10 बाय 9 म्हणजे 90 फूट, त्यातले साडेबत्तीस फूट एकटा पलंगच खाणार. मग 4 फुटी घेतला, दोघांना होतो नीट. चालायला कमीत कमी 30 इंच मोकळे सोडा, दोन माणसं एकमेकांना ओलांडणार असतील तर त्याहून जास्त.

पलंग स्टोरेजचाच घ्या हे सगळे सांगतात, पण कुठला ते सांगत नाहीत. बाजूला ड्रॉवर असलेला घेतला तर ड्रॉवर बाहेर यायलापण जागा लागते, ती छोट्या खोलीत नसते. गॅस लिफ्टवर पायाकडून वर उचलला जाणारा बरा पडतो, भिंतीला चिकटवून ठेवला तरी चालतो. त्यात रोजचं काही ठेवू नका, जादा गाद्या, पाहुण्यांच्या चादरी, गणपतीच्या मखराचं सामान असं वर्षातून चारदा लागणारं ठेवा.

कपाट मात्र सिलिंगपर्यंत न्या. वर दोन फूट जागा सोडली की तिथे बॅगा आणि खोकी येऊन बसतात आणि धूळ जमते. हँगरला लावायचे कपडे असतील तर आतली खोली 22 ते 24 इंच लागते, नुसत्या घडीच्या कपड्यांना 16 पण पुरे, मग उगाच 24 कशाला करायचं. दरवाज्यासमोर जागा नसेल तर स्लायडिंग, फक्त एकावेळी अर्धंच कपाट उघडतं हे लक्षात ठेवा. आणि भिंतीवर काही टांगण्याआधी भिंत कशाची आहे ते विचारा, नवीन बिल्डिंगमध्ये बऱ्याच ठिकाणी मिव्हानच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती असतात त्याला हॅमर ड्रिल लागतो, ब्लॉकची भिंत असेल तर साधा प्लग काही दिवसांनी ढिला पडतो आणि भरलेलं शेल्फ खाली येतं, त्याचे वेगळे फास्टनर मिळतात. बीम आणि कॉलम तर फोडायचेच नाहीत. भाड्याचं घर असेल तर मालकाला विचारून घ्या, नाही म्हणाला तर उंच रॅक उभे करा.

स्वयंपाकघराबद्दल माझं मत थोडं जुनाट वाटेल, पण मांडणी काढून टाकू नका. सगळीकडे ट्रॉल्या आल्या आणि लोकांनी आईच्या स्टीलच्या मांडण्या भंगारात दिल्या. ताटं, वाट्या, पेले, कपबशा हे सगळं भिंतीवरच्या मांडणीत जेमतेम 10 इंच खोलीत बसतं, समोर दिसतं, ओलं ठेवलं तरी निथळतं, आणि ट्रॉलीसारखी पुढे ओढायला जागा लागत नाही. ओट्याखाली ट्रॉल्या करा पण दोन किंवा तीन, बाकी साधे कप्पे ठेवून पिंप, कुकर, कढया ठेवा. डबे शक्यतो चौकोनी घ्या, गोल डबे शेजारी शेजारी लावले की मध्ये पाचव्या भागाएवढी जागा फुकट जाते, दहा डब्यांत दोन डब्यांची जागा गेली समजा. ओट्याची उंची कारागीर ठरवेल तशी घेऊ नका, कोपर दुमडून उभं राहा आणि कोपराच्या चार ते सहा इंच खाली ओटा आला पाहिजे, नाहीतर पोळ्या लाटताना खांदे भरून येतात. सिंकखालचं प्लायवूड बीडब्ल्यूपी म्हणजे पाण्याला टिकणारंच वापरा, तिथे पैसे वाचवले की तीन पावसाळ्यांत फुगतं.

मुलाच्या अभ्यासाला आम्ही खिडकीखाली बिजागऱ्यांवर एक फळी बसवली, 3 फूट बाय दीड फूट, खाली दोन घडीचे ब्रॅकेट. संध्याकाळी उघडायची, अभ्यास झाला की पाडायची. दुपारी त्याच फळीवर माझं मशीन. सुतार म्हणत होता टेबलच करा ना, पण टेबल केलं असतं तर सकाळच्या व्यायामाची जागा गेली असती. कागदावरच्या टाइमटेबलचा उपयोग हा असा होतो.

सजावटीचं म्हणाल तर आधी उजेड. खोलीत मधोमध एकच ट्यूब असली की कोपरे काळे राहतात आणि खोली आहे त्यापेक्षा लहान वाटते. दोन कोपऱ्यांत 3000 केल्विनचे पिवळसर बल्ब लावा, कामाच्या जागी पांढरा, ओट्यावरच्या कपाटाखाली एलईडी पट्टी. छत पांढरंच ठेवा. पडद्याचा रॉड खिडकीच्या लगेच वर न लावता छताच्या जवळ लावा आणि पडदा जमिनीपर्यंत सोडा, खोली उंच दिसते. आरसा खिडकीच्या समोर. आणि एकाच भिंतीवर जे काय आवडतं ते लावा, बाकीच्या भिंतींना श्वास घेऊ द्या. आमच्याकडे दिवाणावर आजीने नऊवारींची शिवलेली गोधडी असते, तिच्यात इतके रंग आहेत की त्या खोलीत दुसरं काही लावायची गरजच पडली नाही.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला पाहिजे कारण छोटं घर चार महिन्यांत आतून ओलं होतं. बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवू नका, दोन इंच फट ठेवा, नाहीतर मागे बुरशी धरते आणि कळते ती कपडे पांढरे पडल्यावर. स्टोरेजच्या पलंगाची गादी पंधरा दिवसांनी उभी करून पंखा सोडा. कपड्यांसाठी पुलीवर वरखाली होणारी दांडी छताला लावून घ्या, चाळीत आम्ही काठीने वरच्या दांडीवर कपडे टाकायचो तेच, कपडे डोक्यावर आणि खाली फिरायला मोकळं. तिची जागा पंख्याच्या वाऱ्यात येईल अशी ठेवा, पात्यांपासून मात्र कपडे लांब. आणि खिडकीला बाहेर बॉक्स ग्रिल असेल तर त्यात कुंड्या आणि जुनं सामान भरू नका, ग्रिलचा एक भाग उघडता येणारा ठेवा आणि त्याची चावी कुठे असते ते घरातल्या लहान मुलालासुद्धा माहीत असू द्या, आग लागली तर बाहेर पडायला तेवढीच वाट असू शकते. आमची चावी दाराच्या मागे लाल दोऱ्याने टांगलेली असते.